टिळकांच्या घरातली चूल

आमच्या सिहोऱ्याहून तुमसर रोडला गेले की नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग लागतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा इथेच थांबते. मला मात्र पुढचा प्रश्न मोलाचा वाटतो : त्या घरात मुले कशी वाढली?

याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. धर्मांतरानंतर काही वर्षे लहानगा दत्तू आईजवळ, वडिलांपासून दूर राहिला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण सोवळे सांभाळूनच. छप्पर एक, चूल आणि पाणी वेगळे. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे त्यांच्या मनाने राहुरीत घेतले, तेव्हा कुठे ही भिंत पडली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक पोरकी मुले घरी आणत. त्यांचे खाणेपिणे, दुखणीखुपणी लक्ष्मीबाई पाहत. कोणाच्या पोटचे, कोणत्या जातीचे, हा हिशेब त्या स्वयंपाकघरात उरला नाही.

मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्यांची संख्या मिळते; ताटे किती वाढली, ते मिळत नाही. १९३४ पासून चार भागांत आलेल्या या आठवणी लिहाव्यात, हा आग्रह देवदत्त टिळकांचा, म्हणजे त्याच दत्तूचा. त्या घराचा इतिहास तिथे वाढलेल्या मुलानेच आईकडून मागून घेतला.