डीसीएफ ७७

घड्याळे जुळवण्यासाठी जर्मनीतून अहोरात्र प्रसारित होणारा रेडिओ कालसंकेत. फ्रँकफुर्टच्या आग्नेयेस सु. २५ किमी.वर असलेल्या माइनफ्लिंगेन गावाजवळ त्याचे प्रक्षेपण केंद्र आहे. प्रक्षेपण १९५९ मध्ये सुरू झाले. तारीख-वेळ सांगणारी सांकेतिक रचना १९७३ मध्ये आली. केंद्रावर आणवीय घड्याळे आहेत आणि ती बिनचूक ठेवण्याचे काम ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेकडे आहे. जर्मनीची कायदेशीर वेळ लोकांपर्यंत पोहोचवणे हे १९७८ च्या कालविषयक कायद्याने याच संस्थेवर सोपवले आहे.

या संकेतात बोललेला शब्द नाही की टोला नाही. ७७.५ किलोहर्ट्‌झची लहर सलग चालू असते आणि प्रत्येक सेकंदाच्या आरंभी तिचा जोर क्षणभर उतरतो. ही उतरण ०.१ सेकंद टिकली तर शून्य, ०.२ सेकंद टिकली तर एक. ५९ व्या सेकंदाला जोर उतरतच नाही. त्या खंडावरून पुढचा मिनिट आला हे घड्याळाला कळते. १५ व्या सेकंदाआधीच्या जागा २००६ पासून हवामान व आपत्तीच्या सूचनांसाठी वापरल्या जातात. मिनिटांचा आकडा २१ ते २७ या सेकंदांत येतो आणि त्यांची मोले अनुक्रमे १, २, ४, ८, १०, २०, ४० अशी असतात. ३७ हा आकडा पाठवायचा तर २१, २२, २३, २५ व २६ या सेकंदांच्या उतरणी लांब, बाकीच्या दोन आखूड. लांब उतरणी पाच, म्हणजे विषम झाल्या; म्हणून २८ वी पडताळ्याची उतरणही लांब ठेवून संख्या सम केली जाते. पाठोपाठ तास, तारीख, वार, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक येतात. शतक कोणते, ते ज्याचे त्याने जाणावे! हा सारा मजकूर पुढच्या मिनिटाचा असतो, चालू मिनिटाचा नव्हे. उन्हाळी वेळेचा बदल किंवा लीप सेकंद यायचा असेल तर त्याची वर्दी तासभर आधीपासून मिळते.

ग्राहकाकडे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असलेली फेराइटची कांडी पुरते. भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला की काटे भराभर फिरून बारावर येऊन थांबतात, आणि संकेत उमगला की योग्य वेळेवर जातात. एरवी ते साधे क्वॉर्ट्‌झ घड्याळच असते. रात्री हस्तक्षेप कमी असताना संकेत ऐकून साचलेली चूक दुरुस्त करते. दीर्घलहरी जमिनीलगत दूर जातात, म्हणून सु. २,००० किमी.पर्यंत हा संकेत मिळू शकतो.

ब्रिटनचे एमएसएफ, अमेरिकेचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी आणि जपानचे जेजेवाय ही याच जातीची केंद्रे. पण प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी.

भारतात नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा एटीए या केंद्रावरून ५, १० व १५ मेगाहर्ट्‌झ लघुलहरींवर कालसंकेत देत असे. मात्र लघुलहरी आयनांबरातून परावर्तित होऊन येतात आणि त्यांची वाट बदलत राहते. शिवाय घरगुती घड्याळे दीर्घलहरींसाठी बनवलेली असतात. जर्मनीहून पुण्या-मुंबईला आणलेल्या अशा घड्याळाला माइनफ्लिंगेन ६,००० किमी.हून अधिक दूर पडते. त्याला वेळ हातानेच लावावी लागते. संकेताचा रात्रीचा शोध बंद करायची सोय असेल तर ती वापरलेली बरी. सेल तेवढाच जास्त टिकतो.