अल्पमोली मजकूर

कोल्हापूरच्या पूर्वेस, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेले करवीर तालुक्यातील उचगाव हे अर्धे शेतकऱ्यांचे व अर्धे चाकरमान्यांचे गाव. एका अंगास फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी नावारूपास आणलेली गांधीनगरची घाऊक कापडपेठ, तर दुसऱ्या अंगास गोकुळ शिरगाव व शिरोली येथील औद्योगिक वसाहती. अशा मुलखात साधा, स्वस्त मोबाइल इतका प्रिय का झाला, याचा निवाडा करू जाता प्रथम टपालखात्याच्या दप्तरात शिरावे लागते.

१ जुलै १८७९ रोजी सरकारने पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड विक्रीस काढले, आणि खुशाली कळविणे ही गोष्ट रयतेच्या ऐपतीत आली. कार्डाचा आकार ठरलेला असला तरी अक्षरांची गणती कोणी करीत नसे, म्हणून ‘सा. न. वि. वि.’पासून आरंभ करून पीकपाणी, दुखणीबाणी, लग्नाची बोलणी असा सारा मजकूर बारीक अक्षरांत उतरवून, थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद उरलेल्या कडेला उभे लिहिण्यात आपले लोक मोठे तरबेज होते.

मोबाइलचे प्रारंभीचे स्वरूप याच्या अगदी उलट होते. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले संभाषण झाले तेव्हा, आणि पुढेही काही वर्षे, आलेला फोन घेण्यासही दाम मोजावे लागत असल्याने ते श्रीमंतांचेच भूषण राहिले. २००३ मध्ये येणारे फोन निःशुल्क झाले व त्याच वर्षी नोकियाचे ११०० हे यंत्र बाजारात आले. धूळ शिरू न देणारी कळपट्टी आणि माथ्यावरील विजेरी हे त्याचे गुण, भारनियमनाच्या काळात रात्री उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्यास विस्ताराने सांगण्याची गरज नव्हती!

परंतु खरी किफायत संदेशात होती, आणि तेथेच मराठीवर एक विचित्र जकात बसली. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत अवघी ७०. तेव्हा ज्याला दोन संदेशांचे पैसे वाचवावयाचे होते त्याने ‘कसा आहेस’ हे परक्या लिपीत लिहावे, हे क्रमप्राप्तच होते. भाषाभिमानाच्या उणिवेपेक्षा ही दरपत्रकाची करामत होती, असे माझे मत आहे. ज्यांच्यापाशी तेवढेही दाम नसत ते ‘मिस कॉल’ देत; पाळी सुटली, एसटी मिळाली, माल पोहोचला, असे संकेत आधी ठरवून एक छदामही न वेचता काम साधण्याची ही युक्ती कंपन्यांच्या कोणत्याही योजनेहून चतुर होती.

ही गरज ओळखून नोकियाने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आशा’ मालिका जाहीर केली. तिच्यातील काही यंत्रांवर पूर्ण अक्षरफलक होता आणि पुढे व्हॉट्सॲपही आले. जुलै २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर जिओफोन जाहीर झाला व सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप मिळू लागले, तेव्हा अक्षरांची मोजणी संपली आणि लिहिण्याचा सराव नसलेल्यांनाही आवाजाचा संदेश धाडता येऊ लागला. मात्र हे नवे टपाल सरकारी नव्हे, खासगी मालकीचे आहे: एका कंपनीच्या निर्णयाने ३१ डिसेंबर २०१८ नंतर नोकियाच्या जुन्या एस-४० प्रणालीवरील व्हॉट्सॲपचा आधार काढून घेण्यात आला, आणि त्याविरुद्ध अर्ज करण्यास कोणतीही कचेरी नव्हती.