भुईकोटाच्या गावात

किल्ला म्हटलं की मराठी माणसाची मान आपोआप वर जाते. कडा, माची, बालेकिल्ला, वर भगवं निशाण. आमच्या इंगोलश्टाटमध्ये मान वर करून काही दिसत नाही. म्युनिकच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, डॅन्यूबच्या काठी, ताटासारख्या सपाट जमिनीवर हे गाव आहे. इथला किल्ला शोधावा लागतो, कारण बहुतेक वेळा आपण त्याच्या आतच उभे असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा भुईकोट. गावचे लोक स्वतःला ‘शान्झर’ म्हणवतात. ‘शान्झ’ म्हणजे लढाईसाठी घातलेला मातीचा बांध. इथल्या फुटबॉल संघाचंही हेच टोपणनाव आहे.

गावाचा पहिला लेखी उल्लेख इ.स. ८०६ चा, शार्लमेनच्या काळातला. पण त्याला महत्त्व आलं ते नदीमुळे. डॅन्यूब ओलांडण्याची जागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात बव्हेरियाची किल्ली. १३९२ ते १४४७ या काळात इथे स्वतंत्र गादीच होती. दाढीवाला म्हणून ओळखला जाणारा ड्यूक लुडविग सातवा हा फ्रान्सच्या राणीचा भाऊ. पॅरिसचा थाट पाहून आलेल्या या ड्यूकने १४१८ मध्ये नवा वाडा बांधायला घेतला. गादी बुडाली, वाडा राहिला. १४७२ मध्ये बव्हेरियाचं पहिलं विद्यापीठही इथेच निघालं. मेरी शेलीने आपल्या फ्रँकेनस्टाइनला शिकायला पाठवलं ते याच विद्यापीठात.

खरा भुईकोट १५३७ पासून उभा राहू लागला. तोवर तोफा इतक्या सुधारल्या होत्या की उंच दगडी भिंत म्हणजे गोलंदाजाला आयतं निशाण. म्हणून बुटके, जाडजूड, मातीने भरलेले तट आणि रुंद खंदक आले. त्यांची परीक्षा झाली १६३२ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ वेढा घालून बसला. आत कॅथलिक फौजेचा सेनापती टिली जखमी होऊन पडला होता. तो ३० एप्रिलला वारला, पण शहर पडलं नाही. पाहणीला निघालेल्या राजाचा घोडा तटावरच्या तोफेने त्याच्याखालीच ठार केला, राजा बचावला, आणि काही दिवसांत वेढा उठला. गावकऱ्यांनी त्या घोड्याच्या कातड्यात पेंढा भरून तो विजयाची खूण म्हणून ठेवला. शहर संग्रहालयात तो आजही पाहायला मिळतो.

जो किल्ला स्वीडिश तोफांना बधला नाही, तो पडला कसा? कागदावर. १८०० मध्ये युद्ध हरल्यावर तहात तो फ्रेंचांच्या ताब्यात द्यावा लागला आणि त्यांनी तट पाडून टाकले. त्याच वर्षी विद्यापीठही लांडशुटला हललं. एका वर्षात गावाची ढालही गेली आणि विद्याही. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किती गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे उडवले ते आपल्याला माहीत आहे. जिंकलेला किल्ला उभा ठेवायचा नाही, ही रीत दोन्हीकडे एकच.

१८२८ मध्ये राजा लुडविग पहिला याने किल्ला पुन्हा बांधायला घेतला. वीस वर्षं हजारो मजूर राबले. दर्शनी भागांना म्युनिक सजवणाऱ्या लिओ फॉन क्लेन्झे या वास्तुकाराने रूप दिलं. ते बुरुज अजून देखणे दिसतात. गंमत अशी की या नव्या किल्ल्याला कधी वेढाच पडला नाही. काही दशकांतच तोफांचा पल्ला इतका वाढला की शहराबाहेर, शेतांच्या पलीकडे, आणखी किल्ल्यांचं कडं उभारावं लागलं. त्यातल्या नवव्या किल्ल्यात पहिल्या महायुद्धात तरुण चार्ल्स द गॉल कैदी होता. पुढे सोव्हिएत मार्शल झालेला तुखाचेव्हस्कीही तिथेच होता, आणि तो निसटला. लढाईला निरुपयोगी झालेला किल्ला शेवटी तुरुंग होतो. आपल्या नगरच्या भुईकोटात १९४२ पासून नेहरू होतेच.

लढाई न पाहिलेल्या या किल्ल्याची किंमत मात्र गावाने रोज मोजली. तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून तटाबाहेर बांधकामावर बंधनं होती, त्यामुळे गाव वाढेना. जो तो लष्करावर पोसलेला. इथेच जन्मलेल्या मारीलुइझे फ्लायसर या लेखिकेने सैनिक आणि गावातल्या मोलकरणी यांच्यावर नाटक लिहिलं. १९२९ मध्ये बर्लिनला त्याचा प्रयोग झाला आणि गाव तिच्यावर उलटलं. आज तिच्याच नावाने शहर पुरस्कार देतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरचे बहुतेक किल्ले सुरुंगाने उडवले गेले. आतल्या रिकाम्या लष्करी इमारतींना मात्र वेगळंच गिऱ्हाईक मिळालं. सॅक्सनीतली ऑटो युनियन ही मोटार कंपनी सोव्हिएत हद्दीत गेल्याने संपली होती. तिच्या माणसांनी इथे सुट्या भागांची वखार काढली. १९४९ मध्ये कंपनी नव्याने उभी राहिली आणि किल्ल्याच्या जुन्या इमारतींतून डीकेडब्ल्यूच्या मोटरसायकली आणि छोटे टेम्पो बाहेर पडू लागले. तीच आजची ऑडी. आमच्यातले निम्मेअधिक ज्या कंपनीमुळे या गावात आलो, तिचं पहिलं छप्पर किल्ल्याचं होतं.

तोफांसाठी मोकळं ठेवलेलं मैदान आज गावाभोवतीचा हिरवा पट्टा आहे. क्लेन्झेच्या एका बुरुजात पोलीस संग्रहालय आहे. टिलीचं नाव दिलेल्या इमारतीत पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. याच टिलीच्या फौजेने १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर जाळलं होतं. त्याचं नाव इमारतीवरून पुसलं गेलेलं नाही, पण आत युद्धात माणसांचं काय होतं ते दाखवतात.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, तेव्हा इथेही आम्ही पेढे वाटले. त्या यादीत एकही भुईकोट नाही. चाकणचा संग्रामदुर्ग आठवा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या अफाट फौजेसमोर तो सुमारे ५६ दिवस लढवला. आज चाकण म्हटलं की डोळ्यांसमोर मोटारींचे कारखाने येतात. ऑडी ज्या फोक्सवागनची आहे, तिचाही कारखाना २००९ पासून तिथेच आहे. म्हणजे एकाच उद्योगसमूहाच्या दोन कारखान्यांशेजारी दोन भुईकोट. एकाच्या तटावर लोक संध्याकाळी फिरायला जातात. दुसऱ्याचे उरलेसुरले बुरुज कुठे आहेत, हे कारखान्यात रोज जाणाऱ्या कितीजणांना सांगता येईल?

पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलात तर राजगड, रायगड कराच. पण एक दुपार चाकणलाही उतरा. चढण अजिबात नाही. आईवडिलांना, लेकरांना बरोबर नेता येईल.