लिनक्स कर्नलचे तुलनात्मक दोषनिदान

लिनक्स कर्नलचे तुलनात्मक दोषनिदान म्हणजे एकसारख्या मानल्या गेलेल्या संगणकांपैकी एखादा संगणक संथ चालत असता, व्यवस्थित चालणाऱ्या संगणकाशी त्याची तुलना करून संथपणाचे कारण शोधण्याची पद्धत होय. सर्व्हरचे मोठे समूह, संगणक प्रयोगशाळा आणि विदाकेंद्रे येथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

स्वरूप

एकाच मॉडेलचे आणि एकाच कर्नल आवृत्तीवर चालणारे संगणक सारखीच कामगिरी करतील, असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु कर्नल सुरू होताना यंत्रसामग्रीची तपासणी करतो व तीनुसार अनेक निर्णय घेतो. त्यामुळे तोच कर्नल दोन यंत्रांवर वेगवेगळ्या मार्गांनी चालू शकतो. अशा दोषात यंत्र बंद पडत नाही, उत्तरेही बरोबर येतात. फक्त ती उशिरा येतात. साहजिकच दोष पुष्कळदा वापरातील सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

कालस्रोतातील फरक

या प्रकारच्या दोषांचे बोलके उदाहरण म्हणजे कालस्रोत. एक्स८६ प्रोसेसरमध्ये टीएससी नावाचा गणक असतो. तो विश्वासार्ह असेल तर सॉफ्टवेअरला कर्नलमध्ये प्रवेश न करताच वेळ वाचता येते. कर्नल या गणकाची दुसऱ्या घड्याळाशी अधूनमधून पडताळणी करतो. तफावत आढळल्यास टीएससी अस्थिर ठरवून एचपीईटी किंवा एसीपीआय टायमर वापरात आणला जातो. ही घड्याळे प्रोसेसरच्या गाभ्याबाहेर असल्याने प्रत्येक वाचनासाठी कर्नलमध्ये जावे लागते आणि वाचन कित्येक पटींनी महाग होते. सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारणारे डेटाबेससारखे सॉफ्टवेअर त्यामुळे लक्षणीय मंदावते. शेजारचा जुळा संगणक मात्र टीएससीवरच असल्याने वेगाने चालत राहतो.

कारण हाती लागले की दोष सोपा वाटतो. सिसएफएसमध्ये चालू कालस्रोताचे नाव मिळते व कर्नलच्या नोंदींत बदल केव्हा झाला हे दिसते. टीएससी विश्वासार्ह मानण्याची सक्ती कर्नलवर करता येते. मात्र गणक खरोखरच बिघडलेला असेल तर त्यामुळे वेळच चुकू लागते. म्हणून आधी फर्मवेअर तपासणे श्रेयस्कर.

इतर कारणे

एकूण मेमरी सारखी असूनही एका संगणकात ती दोन चॅनेलांत विभागलेली आणि दुसऱ्यात एकाच चॅनेलवर बसवलेली असू शकते. तेव्हा मेमरीची कमाल वहनक्षमता निम्म्यावर येते. फर्मवेअरमधील वीजबचतीची मांडणी, धुळीने तुंबलेल्या पंख्यामुळे तापून वेग कमी करणारा प्रोसेसर, ही कारणेही नेहमी आढळतात. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या त्रुटींनंतर आणखी एक कारण वाढले: प्रोसेसर व मायक्रोकोड यांनुसार कर्नल वेगवेगळे संरक्षक उपाय लागू करतो, आणि त्यांतील काहींमुळे सिस्टिम कॉल महाग होतात.

पद्धत

संथ संगणक लगेच पुन्हा सुरू करू नये. पुरावा त्याबरोबरच नाहीसा होण्याचा संभव असतो. प्रथम दोन्ही यंत्रांच्या कर्नल-नोंदी, सुरुवातीचे पर्याय, फर्मवेअर व मायक्रोकोड यांच्या आवृत्त्या जमवून ताडून पाहाव्यात. नंतर दोहोंवर तेच काम अनेकदा चालवून मोजावे. २००९ पासून कर्नलसोबत येणारे पर्फ हे साधन वेळ कोणत्या फंक्शनमध्ये खर्च होतो ते दाखवते. वरील उदाहरणात संथ यंत्रावर एचपीईटी वाचणारे फंक्शन यादीत अग्रभागी येते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. डिस्क किंवा मेमरी यांची अदलाबदल केल्यावर दोष सुट्या भागाबरोबर गेला, की यंत्रातच राहिला, हे पाहणे हा जुना पण खात्रीचा उपाय आहे.

दोन यंत्रांवरील कर्नल आवृत्त्या भिन्न असतील आणि आवृत्ती बदलताच दोषही जात असेल, तर गिट बायसेक्ट वापरतात. यात बदलांची यादी दर वेळी निम्मी केली जाते; दहा हजार बदलांतून दोषी बदल सुमारे १४ चाचण्यांत सापडतो. प्रत्येक चाचणीसाठी कर्नल नव्याने बांधून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मोजमाप डळमळीत असल्यास एका चुकीच्या निर्णयाने शोध भलत्याच अर्ध्या भागात जातो, म्हणून या टप्प्यावर प्रत्येक मापन अनेकदा घेतले जाते.