माँट्रिऑल कॅनेडियन्स संघाचा १९५४-५५ चा हंगाम : एका दंगलीचा पुनर्विचार

माँट्रिऑल शहरात १७ मार्च १९५५ च्या रात्री झालेल्या दंगलीचा उल्लेख क्वीबेक प्रांताच्या अर्वाचीन इतिहासावरील ग्रंथांतून वारंवार येतो. बर्फावरील हॉकीच्या एका व्यावसायिक खेळाडूस झालेली शिक्षा हे तिचे निमित्त; फ्रेंचभाषक समाजात दीर्घकाळ साठलेला असंतोष हे तिचे कारण; आणि १९६० पासून त्या प्रांतात जी स्थित्यंतरे घडली, ज्यांस ‘शांत क्रांती’ हे नाव पडले, ते तिचे फल, अशी कार्यकारणपरंपरा पुष्कळदा मांडली जाते. ही परंपरा कितपत ग्राह्य धरावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दंगलीची रात्र तेवढी वेगळी काढून पाहिली म्हणजे ही उपपत्ती निर्दोष वाटते. परंतु ती रात्र ज्या हंगामाचा एक भाग होती, तो ऑक्टोबर १९५४ ते एप्रिल १९५५ हा संपूर्ण हंगाम दृष्टीसमोर ठेवला, तर तिच्यात न बसणाऱ्या काही गोष्टी आढळतात.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवळीवरचा खेळ डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत असलेला खेळ बर्फाच्या बंदिस्त रिंगणात, पायांत स्केट्स घालून, चेंडूऐवजी रबराच्या कठीण चकतीने खेळला जातो, आणि अंगाला अंग भिडविणे हा त्यात गुन्हा नसून कौशल्याचाच भाग समजला जातो. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते. त्यांपैकी माँट्रिऑल व टोरोंटो हे दोन कॅनडातील, आणि डेट्रॉइट, बोस्टन, शिकागो व न्यूयॉर्क हे चार अमेरिकेतील. प्रत्येक संघाने हंगामात ७० सामने खेळावयाचे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. आणि पहिल्या चार संघांनी स्टॅन्ली चषकासाठी पुन्हा आपसांत झुंजावयाचे, अशी व्यवस्था होती. संघ मोजके असल्यामुळे तेच खेळाडू एका हिवाळ्यात चौदा चौदा वेळा एकमेकांसमोर येत. वैरे जुनी होत आणि विसरली जात नसत.

माँट्रिऑलचा कॅनेडियन्स संघ १९०९ मध्ये स्थापन झाला तो मुळातच फ्रेंचभाषक खेळाडूंचा संघ म्हणून. पुढे त्यात इंग्रजी बोलणारे खेळाडूही पुष्कळ आले, तरी फ्रेंच समाजाची त्याच्यावरील ममता कमी झाली नाही. १९५२ पासून सरकारी दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागल्यावर हा संघ प्रांतातील घराघरांत पोहोचला. १९५४-५५ मध्ये मोरीस रिशार, बर्नार जॉफ्रियाँ आणि झाँ बेलिव्हो हे त्याचे तीन अग्रगण्य आक्रमक फ्रेंचभाषक होते. मात्र सरव्यवस्थापक फ्रँक सेल्की आणि प्रशिक्षक डिक अर्विन हे दोघेही इंग्रजीभाषक. शहराची घडण अशीच होती. कारखान्यात राबणारा फ्रेंच आणि कचेरीत हुकूम देणारा इंग्रज हे तेथील नित्याचे दृश्य. १९६१ सालच्या आकड्यांवरून पुढे एका शाही आयोगाने असे दाखवून दिले, की क्वीबेकमधील फ्रेंच वंशाच्या पुरुषाची सरासरी मिळकत ब्रिटिश वंशाच्या पुरुषाच्या मिळकतीच्या सुमारे दोन तृतीयांशच होती. सक्तीच्या लष्करभरतीच्या प्रश्नावर १९४२ मध्ये झालेल्या सार्वमतात उर्वरित कॅनडाने एक कौल दिला व क्वीबेकने नेमका उलट. ती जखमही अद्याप ओली होती.

रिशार हा १९२१ मध्ये माँट्रिऑलमध्येच, कामगाराच्या घरी जन्मलेला. १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल करून त्याने असा विक्रम केला होता, की तो कोणी गाठील असे पुष्कळांना वाटत नव्हते. प्रतिपक्षाचे खेळाडू त्याला मुद्दाम डिवचीत, धरीत, पाडीत; आणि तो उलटून मारी. दंड भरण्याची त्याला सवयच जडली होती. त्याच्यासमोर उभा होता लीगचा अध्यक्ष क्लॅरेन्स कँबेल. हा सस्कॅचवान प्रांतातील इंग्रजीभाषक, ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकलेला, कायदेपंडित, एकेकाळचा रेफरी आणि महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत काम केलेला लष्करी अधिकारी होता. १९४६ पासून तो अध्यक्षपदी होता. १९५४ च्या जानेवारीत रिशारने एका फ्रेंच साप्ताहिकातील आपल्या सदरात कँबेलला हुकूमशहा म्हटले. कारण होते जॉफ्रियाँला झालेले निलंबन. लीगने त्याच्याकडून शब्द मागे घेवविले, सदर बंद करविले व एक हजार डॉलरांची अनामत ठेवून घेतली. म्हणजे १९५५ च्या निकालापूर्वीच न्यायाधीश आणि आरोपी ह्यांचे वैयक्तिक वितुष्ट जगजाहीर होते.

हा हंगाम डेट्रॉइटच्या रेड विंग्ज आणि माँट्रिऑल ह्यांच्यातील चुरशीचा झाला. डेट्रॉइट सलग सहा वर्षे लीगमध्ये पहिले येत होते, आणि १९५४ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्याच्या जादा वेळेत त्यांनी माँट्रिऑलकडून चषक हिरावून घेतला होता. (त्या संघाच्या अध्यक्षा मार्गरिट नॉरिस ह्या स्टॅन्ली चषकावर नाव कोरले गेलेल्या पहिल्या महिला होत.) रिशारच्या मनात आणखी एक सल होता. गोल आणि गोलांना केलेले साहाय्य ह्यांची बेरीज करून जो खेळाडू वर्षअखेर पहिला ठरे, तो मान त्याला एकदाही मिळालेला नव्हता. ह्या वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो त्या तक्त्यात सर्वांच्या पुढे होता.

अशा स्थितीत १३ मार्चचा बोस्टन येथील सामना आला. तिसऱ्या भागात बोस्टनच्या हॅल लेकोची स्टिक रिशारच्या डोक्याला लागून रक्त आले. लेको हा पूर्वी माँट्रिऑल संघातच त्याचा सहकारी होता. रिशारने त्याच्यावर आपल्या स्टिकने प्रहार केले. अडविल्यावर सुटून पुन्हा दुसरी स्टिक घेऊन तो धावला. आणि क्लिफ थॉम्प्सन नावाच्या लाइन्समनने त्याला धरून ठेवले तेव्हा त्याने थॉम्प्सनलाही ठोसे लगावले. डिसेंबर १९५४ च्या अखेरीस टोरोंटो येथे दुसऱ्या एका लाइन्समनच्या तोंडावर हातमोजा मारल्याबद्दल त्याला २५० डॉलर दंड झाला होता, त्याला पुरते तीन महिनेही लोटले नव्हते. १६ मार्चला कँबेलने माँट्रिऑलमधील आपल्या कचेरीत सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याच दिवशी निकाल दिला : हंगामातील उरलेले तिन्ही सामने आणि चषकाच्या सर्व फेऱ्या ह्यांतून रिशारला वगळण्यात आले.

निकाल अन्याय्य होता काय? सामन्याच्या अधिकाऱ्यावर तीन महिन्यांत दुसऱ्यांदा हात टाकणाऱ्या खेळाडूस कडक शासन करणे कोणत्याही लीगला भागच होते, आणि केवळ त्या कृत्यापुरते पाहता कँबेलला दोष देता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु त्याच वर्षी डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने एका प्रेक्षकाला मारले असता त्याचे भागले होते ते काही दिवसांच्या निलंबनावर. शिवाय कँबेल हा अभियोक्ताही होता आणि न्यायाधीशही. त्याला नेमणारे व वेतन देणारे होते ते सहा संघांचे मालक. आणि त्याच्यावर अपील करावयाचे तेही पुन्हा त्या मालकांकडेच. खेळाडूला ह्या व्यवस्थेत कोठेच स्थान नव्हते. करारान्वये तो जन्मभर एका संघाशी बांधलेला असे. त्याला विकता येई, पण स्वतः सोडून जाता येत नसे. ही गोष्ट फ्रेंच आणि इंग्रज अशा सर्वच खेळाडूंना सारखी लागू होती, हे विसरून चालणार नाही.

१७ मार्चच्या संध्याकाळी डेट्रॉइट व माँट्रिऑल हे दोन्ही संघ प्रत्येकी ९१ गुणांवर असताना फोरम क्रीडागृहात एकमेकांसमोर आले. येऊ नये असे सुचविले गेले असूनही कँबेल आला, आणि तोही खेळ सुरू झाल्यावर, सर्वांच्या देखत आपल्या नेहमीच्या आसनावर येऊन बसला. त्याच्यावर अंडी, टोमॅटो आणि हाती लागेल ते पडू लागले. पहिल्या भागाअखेर डेट्रॉइट ४-१ असे पुढे होते. मध्यंतरात हस्तांदोलनाचा बहाणा करून आलेल्या एकाने कँबेलवर हात उगारला, आणि थोड्याच वेळात त्याच्यापासून जवळच अश्रुधुराचा बाँब फुटला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. अग्निशामक दलाच्या प्रमुखाने इमारत रिकामी करविली, आणि कँबेलने सामना डेट्रॉइटला बहाल केला. बाहेर आधीच निदर्शक जमलेले होते. त्यांत आतील हजारो लोकांची भर पडली. सेंट कॅथरिन रस्त्यावर मध्यरात्रीनंतरही दुकानांच्या काचा फुटत होत्या व लूट चालू होती. पोलिसांसह सदतीस जण जखमी झाले. मृत्यू कोणाचाही झाला नाही. शहराचा तरुण महापौर झाँ द्रापो ह्याने दोषाचा मोठा वाटा कँबेलच्या उपस्थितीवर टाकला. दुसऱ्या दिवशी रिशारने फ्रेंच व इंग्रजी ह्या दोन्ही भाषांतून आवाहन केले, की आपण शिक्षा भोगू, पुढील वर्षी परत येऊ, आणि लोकांनी आता संघाच्या पाठीशी उभे राहावे. शहर शांत झाले.

बहुतेक वृत्तांत येथेच संपतात. हंगाम मात्र संपलेला नव्हता. १९ मार्चला त्याच फोरममध्ये माँट्रिऑलने न्यूयॉर्कचा पराभव केला आणि त्या सामन्यात जॉफ्रियाँने रिशारला गुणांच्या तक्त्यात मागे टाकले. अखेरचे आकडे असे : जॉफ्रियाँ ७५, रिशार ७४, बेलिव्हो ७३. आपल्या संघासाठी गोल केल्याबद्दल घरच्याच प्रेक्षकांनी जॉफ्रियाँची हुर्यो उडविली. ह्या घटनेकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. जॉफ्रियाँ हा माँट्रिऑलचा, फ्रेंचभाषक, कॅथलिक. रिशारने वर्षभरापूर्वी लेखणी उचलली होती ती ह्याच्याच कैवारासाठी. दोन दिवसांपूर्वीचा क्षोभ जर निखळ भाषिक अथवा वांशिक अस्मितेचा असता, तर तिच्याच एका मानकऱ्याला ही वागणूक मिळाली नसती. लोकांना हवा होता रिशार; आणि त्याचा हक्काचा मान त्याच्याच भाषाबंधूने घेतला, हेही त्यांना सोसवले नाही.

२० मार्चला डेट्रॉइटने माँट्रिऑलला ६-० असे हरविले व ९५ विरुद्ध ९३ गुणांनी लीगमधील पहिले स्थान पटकाविले. चषकाच्या फेऱ्यांत माँट्रिऑलने बोस्टनला पाच सामन्यांत बाजूला सारले. अंतिम फेरीत डेट्रॉइटशी पडलेली गाठ सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्या सातही सामन्यांत यजमान संघच जिंकला, आणि पहिले स्थान मिळविल्यामुळे १४ एप्रिलचा सातवा सामना डेट्रॉइटच्या मैदानावर झाला. तो माँट्रिऑलने ३-१ असा गमावला. १७ मार्चचा सामना पुरा झाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. डेट्रॉइट त्या वेळी तीन गोलांनी पुढे होते हेही खरे. पण फोरममधील सातव्या सामन्याचा हक्क किती थोड्याने हुकला, हे गुणांच्या तक्त्यावरून दिसते.

वांशिक अन्वयार्थ मागाहून रचलेला आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दंगलीनंतर चौथ्याच दिवशी ‘ल दव्वार’ ह्या दैनिकात आंद्रे लोराँदो ह्यांचा लेख आला. त्याच्या मथळ्यात त्यांनी १८८५ मध्ये फाशी गेलेल्या लुई रिएलच्या वेळचे ओनोरे मेर्सिये ह्यांचे उद्गार जाणूनबुजून स्मरणात आणून दिले होते, आणि फ्रेंच-कॅनेडियन राष्ट्रवादाने आता हॉकीच्या आश्रयास येऊन राहावे ह्याचे मर्म शोधले होते. त्या लेखाचा सूर केवळ अभिमानाचा नाही. त्यात विषाद आहे, आणि किंचित उपरोधही आहे. ज्या समाजाला राजकारणात वाचा उरली नव्हती त्याला ती एका खेळाडूच्या निमित्ताने फुटली, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक होय. आक्षेप आहे तो त्या निरीक्षणावर पुढे चढविलेल्या इमारतीवर. १९५६ च्या जूनमध्ये क्वीबेकच्या मतदारांनी परंपरावादी मोरीस द्युप्लेसी ह्यांनाच पुन्हा मोठ्या बहुमताने निवडून दिले, आणि त्यांच्या पक्षाचा उघड पुरस्कार करणाऱ्यांत स्वतः रिशारही होता. शांत क्रांतीचा अग्रदूत म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, तो त्या क्रांतीने मोडीत काढलेल्या राजवटीचा समर्थक होता. त्याने स्वतः ही अग्रदूताची भूमिका कधी मागितली नाही. आपण केवळ हॉकीपटू आहोत, असेच तो अखेरपर्यंत म्हणत राहिला.

भाषेच्या प्रश्नाखाली मालक व खेळाडू ह्यांच्या संबंधांचा जो प्रश्न झाकला गेला, त्याला तोंड फुटले ते दोन वर्षांनी आणि वेगळ्या ठिकाणी. १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत डेट्रॉइटचा लिंडसे आणि माँट्रिऑलचा डग हार्व्ही हे अग्रभागी होते. दोघेही इंग्रजीभाषक, मैदानावर हाडवैरी. मालकांनी तो प्रयत्न मोडून काढला व लिंडसेची शिकागोला रवानगी झाली. माँट्रिऑलच्या रस्त्यावर त्यासाठी एकही काच फुटली नाही.

हंगाम संपल्यावर अर्विन शिकागोला गेला आणि रिशारचा जुना जोडीदार टो ब्लेक प्रशिक्षक झाला. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे चषक माँट्रिऑलकडे राहिला. रिशार ५४४ गोल करून १९६० मध्ये निवृत्त झाला. गुणांच्या तक्त्यातील पहिला क्रमांक त्याला अखेरपर्यंत मिळाला नाही. २००० साली तो वारला तेव्हा प्रांताने त्याची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने काढली. जॉफ्रियाँने १९६०-६१ च्या हंगामात एका वर्षात ५० गोलांचा रिशारचा आकडा गाठला. असे करणारा तो दुसराच खेळाडू. तो पन्नासावा गोल फोरममध्ये झाला, १६ मार्च १९६१ रोजी, म्हणजे कँबेलच्या निकालाला बरोबर सहा वर्षे पुरी झाली त्या दिवशी. आणि ह्या खेपेस प्रेक्षकांनी त्याचा जयजयकार केला.