विमान-प्रतिकृती, मोठ्या मापाच्या

लष्करी विमानाचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले, उडवण्यासाठी नव्हे तर मांडून ठेवण्यासाठी जोडलेले व रंगवलेले रूप. सुटे प्लॅस्टिक भाग, चिन्हांचे कागद (डिकॅल) आणि जोडणीची पुस्तिका एका खोक्यात मिळतात. या संचाला किट म्हणतात. १:३२ व १:२४ या मापांच्या किटना सामान्यतः मोठ्या मापाची किट मानतात. हा छंद मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, जपान आणि अलीकडे चीनमधील उत्पादकांवर चालतो. त्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात बसून भारतीय विमान घडवणाऱ्याला बहुतेक वेळा परदेशी विमानाचे किट घेऊन ते भारतीय करावे लागते. पुस्तिकेबाहेरचे हे कामच येथील मॉडेलकाराचे खरे काम असते.

मापे. ही प्रमाणे ब्रिटिश फूट-इंचांतून आली. एका फुटाला अर्धा इंच धरला की १:२४, तीन-अष्टमांश इंच धरला की १:३२ आणि पाव इंच धरला की १:४८ हे प्रमाण मिळते. सहा फुटांना एक इंच या हिशेबाने १:७२ येते. पावणेसहा फूट उंचीचा वैमानिक १:७२ मध्ये सुमारे अडीच सेंटिमीटरचा असतो, तर १:२४ मध्ये तो सात सेंटिमीटरच्या पुढे जातो. मग त्याच्या खांद्यावरचे पट्टे, बकल आणि समोरच्या फलकावरचे डायल दाखवणे टाळता येत नाही. १:३२ मध्ये मिग-२१चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे २२ सेंमी भरतात आणि हंटरचे ३२ सेंमी. सुखोई-३० एमकेआय सुमारे ६९ सेंमी लांब व ४६ सेंमी रुंद होते. १:२४ मधील स्पिटफायरचा पंखविस्तार जवळजवळ ४७ सेंमी असतो. मापाबरोबर चुकांचा आकारही वाढतो. १:३२ मध्ये दशांश मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर म्हणजे खऱ्या विमानावर तीन मिलिमीटरहून जाड लेप.

इतिहास. प्लॅस्टिकची जोडायची विमाने १९३६ मध्ये ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे सैनिकांना दुरूनच कळावे म्हणून १:७२ मापाच्या काळ्या प्रतिकृती वापरत. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने त्या शाळकरी मुलांकडून लाकडात करवून घेतल्या. युद्धानंतर एअरफिक्स, रेव्हेल, मोनोग्राम या कंपन्यांनी छंदाला घरोघरी नेले. एअरफिक्सने १९७० मध्ये १:२४ मापाचे स्पिटफायर काढले आणि नंतरच्या काही वर्षांत मेसरश्मिट १०९, मस्टँग, हरिकेन व हॅरियर ही विमाने त्याच मापात आणली. १:३२ मध्ये जपानच्या टामियाने २०००च्या झीरोपासून २०१५च्या मॉस्किटोपर्यंत जोडणीच्या अचूकतेचा नवा दर्जा घालून दिला. चीनच्या ट्रम्पेटरने याच मापात रशियन बनावटीची जेट विमाने आणल्यामुळे भारतीय हवाई दलाची विमाने करू पाहणाऱ्यांची मोठी सोय झाली.

भारतीय विमाने. मुंबईशी सर्वांत जवळचे नाते असलेले लष्करी विमान म्हणजे वेस्टलँड लायसँडर. १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला बारा लायसँडर विमाने मिळाली. ती मुंबईतील युद्धदेणगी निधीतून आली होती. १९४२च्या आरंभी ही स्क्वॉड्रन करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात गेली. टेहळणीसाठी बनवलेल्या या विमानांना बॉम्ब लावून वैमानिकांनी जपानी तळांवर हल्ले केले. मॅचबॉक्सने काढलेले आणि पुढे रेव्हेलने पुन्हा बाजारात आणलेले १:३२ मापाचे लायसँडरचे किट यासाठी उपयोगी पडते. मात्र लायसँडरच्या मार्क १ व मार्क ३ मध्ये मर्क्युरी इंजिन होते आणि मार्क २ मध्ये पर्सियस, त्यामुळे इंजिनावरचे आवरण वेगळे दिसते. कोणत्या मार्कचे विमान करायचे हे पहिला भाग कापण्याआधी ठरवावे लागते. या विमानाचे काचघर मोठे असल्याने आतली बैठक, दांडे व मागची मशीनगन बाहेरून स्पष्ट दिसतात. धडाचा मागचा भाग कापडाने मढवलेला असे, म्हणून तेथे पत्र्यासारखे रिव्हेट दाखवल्यास प्रतिकृती चुकते.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय स्क्वॉड्रननी स्पिटफायर मार्क ८ही वापरले. हे विमान टामियाच्या १:३२ मालिकेत उपलब्ध आहे. जपानी विमानांवरच्या लाल वर्तुळाशी गोंधळ होऊ नये म्हणून त्या आघाडीवर ब्रिटिश चिन्हातला लाल रंग काढून गडद व फिक्या निळ्या रंगाचे वर्तुळ वापरत. पेटीतल्या कागदावरची युरोपीय आघाडीची चिन्हे येथे चालत नाहीत.

मिग-२१चा संबंध थेट महाराष्ट्राशी येतो. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला आणि तेथून एफएल, एम व बिस ही रूपे क्रमाने बाहेर पडली. भारतात हे विमान १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत सेवेत होते. ट्रम्पेटरचे १:३२ किट मिग-२१ एमएफचे आहे. भारतीय मिग-२१ एममध्ये जुने आर-११ इंजिन होते. बाह्य आकार मात्र एमएफला इतका जवळचा की किटमध्ये फारशी कापाकापी करावी लागत नाही. मिग-२१ एफएल करणे अधिक कठीण. त्यात शरीरातली तोफ नव्हती, गरजेप्रमाणे पोटाखाली तोफेची वेगळी पेटी लावत आणि वैमानिकाचे काचघर पुढच्या बाजूला बिजागरी असलेले होते. १९७१च्या युद्धात अनेक मिग-२१ विमानांवर घाईघाईने मायावी (कॅमोफ्लाज) रंग चढवले गेले आणि त्यांच्या पट्ट्यांत एकसारखेपणा नव्हता. म्हणून त्या काळातले एक ठरावीक विमान करायचे तर त्या विमानाचे छायाचित्र लागते. सर्वसाधारण रंगतक्ता तेथे अपुरा पडतो.

ओझरला सुखोई-३० एमकेआय विमानेही तयार झाली. या प्रकारची रशियात बनलेली पहिली विमाने मात्र त्याआधीच, २७ सप्टेंबर २००२ रोजी, पुण्याच्या लोहगाव तळावर औपचारिकपणे हवाई दलात दाखल झाली होती. ट्रम्पेटरच्या १:३२ मधील सुखोई-३० हे चीनसाठी बनवलेले एमकेके रूप आहे. त्यात कॉकपिटच्या मागे बसणारे छोटे पुढचे पंख नाहीत, हलणारी नॉझल नाहीत आणि शेपटीच्या उभ्या पंखांची टोके वेगळी आहेत. एमकेआय करायचे तर हे सर्व बदलावे लागते. त्यासाठी रेझिनचे किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेले भाग वापरतात, अथवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या घासून ते स्वतः तयार करतात.

रेव्हेलच्या १:३२ हंटरचे भारतीय एफ.५६ मध्ये रूपांतर तुलनेने सोपे आहे. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत जैसलमेरहून उडालेली हंटर विमाने मॉडेलकारांच्या आवडीची आहेत. कुर्ट टँक यांनी आखलेल्या, १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेल्या एचएफ-२४ मरुतला मात्र १:३२ मध्ये मोठ्या परदेशी उत्पादकांनी हात घातला नाही. ते करायचे तर आराखड्यांवरून सर्व शरीर स्वतः उभे करावे लागते.

जोडणी. किटचे भाग पॉलिस्टायरीनच्या चौकटीला चिकटलेले येतात. निपरने ते कापून त्यांची मुळे घासतात आणि साच्याचे तेलकट अवशेष जावेत म्हणून कोमट साबणाच्या पाण्यात धुतात. पातळ द्रावक चिकटवणी प्लॅस्टिक विरघळवून सांधा जणू वितळवून एकजीव करते. रेझिन व धातूचे भाग तिने धरत नाहीत, त्यांना सुपर ग्लू लागतो. काम बहुधा कॉकपिटपासून सुरू होते, कारण धडाचे दोन अर्धे भाग मिटल्यावर तेथे ब्रश पोहोचत नाही. मोठ्या मापात इंजिन, चाकांचे कप्पे व तोफांचे कप्पेही दिसतात, म्हणून तेही आधीच रंगवावे लागतात.

पुढचे चाक असलेली जेट विमाने जोडल्यावर शेपटीवर बसतात. ते टाळण्यासाठी नाक बंद करण्यापूर्वी त्यात मासेमारीची शिशाची वजने किंवा लोखंडी नट चिकटवतात. मोठ्या प्रतिकृतीचे एकूण वजन प्लॅस्टिकच्या पायांना पेलत नाही, तेव्हा पितळेचे किंवा पांढऱ्या धातूचे पाय बसवतात. सांध्यांच्या फटी पुट्टीने भरून चारशेपासून पुढच्या नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासतात. त्यात पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा नंतर धारदार सुईने पुन्हा कोरतात.

रंगकाम. बारीक तपशील ब्रशने आणि मोठे पृष्ठभाग एअरब्रशने रंगवतात. प्रायमरचा पहिला थर सांध्यातले सर्व दोष उघडे करतो, म्हणून तो तपासणीचा थरही मानला जातो. पाण्यातल्या अॅक्रिलिक रंगांना वास कमी असतो. इनॅमल सावकाश वाळते, पण चांगले पसरते. लॅकर सर्वांत पातळ व टणक थर देते, मात्र त्याच्या वाफा श्वासात जाऊ नयेत म्हणून योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा आवश्यक असतो. पत्र्याच्या चकाकीचे विमान करताना आधी चमकदार काळा थर देऊन त्यावर धातूरंगाचे लॅकर फवारतात. खालच्या थरातला प्रत्येक ओरखडा वरून दिसतो, त्यामुळे असे रंगकाम मायावी रंगांपेक्षा अवघड ठरते.

खऱ्या विमानाचा रंग प्रतिकृतीवर जसाच्या तसा लावला तर तो फार गडद भासतो. म्हणून मोठ्या मापातही तो किंचित उजळ करतात. चमकदार वार्निशवर डिकॅल बसवतात, कारण खरखरीत पृष्ठभागावर त्याच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग उमटतात. त्यानंतर तेलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून रेषांत सोडतात आणि वरचा भाग पुसून काढतात. धूर, तेलाचे ओघळ व रंग उडालेल्या जागा शेवटी येतात. येथेही छायाचित्र पाहावे लागते, कारण हवाई तळावर रोज पुसली जाणारी विमाने आणि दलदलीच्या धावपट्टीवरून उडणारी विमाने सारखी मळत नाहीत.

चिन्हे. भारतीय हवाई दलाच्या विमानांवर स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचे वर्तुळ होते. पुढे बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि केंद्रात हिरवे असे आजचे चिन्ह आले. प्रतिकृतीचा काळ ठरवताना हा फरक महत्त्वाचा असतो. १:३२ साठी भारतीय चिन्हे सहज मिळत नाहीत, म्हणून अनेकजण वर्तुळे कंपास-कटरने मास्किंग टेपमध्ये कापून रंगवतात. केशरी रंग अपारदर्शक नसतो, त्यामुळे सर्वांत आधी संपूर्ण वर्तुळ पांढरे करून मगच बाहेरची कडी केशरी व केंद्र हिरवे करणे सोयीचे.

नाहूर व मुंबई उपनगर. भांडुप व मुलुंड यांच्यामधले नाहूर हे मध्य रेल्वेवरचे उपनगर. त्याच्या पूर्वेला मिठागरे व ठाण्याची खाडी आहे. येथे प्रतिकृती घडवताना सर्वांत आधी हवेचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर फवारल्यास द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, बाष्पाचे पाणी होऊन त्यावर जमते आणि रंग दुधाळ पडतो. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारी बाटली बसवतात, वातानुकूलित खोलीत कोरडा दिवस पाहून फवारतात किंवा जून ते सप्टेंबर ही जोडणी, घासणी व कोरणी यांचा मोसम मानून रंगकाम पुढे ढकलतात. डिकॅलचे कागद ओल धरतात, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट पिशवीत ठेवतात. इमारतींच्या बांधकामाची धूळ ओल्या चमकदार थरावर बसते. खिडकी बंद ठेवली तर वाफा कोंडतात. म्हणून फवारणीच्या खोक्यातून लवचिक पाइप थेट खिडकीबाहेर सोडणे हा सदनिकेतला व्यवहार्य उपाय ठरतो. १:३२ मधील सुखोईला पाऊण मीटर लांबीची फळी लागते. तिच्यावर पारदर्शक झाकण असले की धूळ अडते. फळी थेट उन्हापासून दूर असली की डिकॅल पिवळे पडत नाहीत.

जवळची खरी विमाने हा या उपनगराचा मोठा फायदा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मरुत उभे आहे. चाकांचे कप्पे, पत्र्यांचे सांधे व नॉझल टेपने मोजून छायाचित्रे घेता येतात. नौदलाची विमाने करणाऱ्यांसाठी गोव्यातील दाबोळीजवळच्या, १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे व सी हॅरियर पाहायला मिळतात. १९८३ मध्ये भारतात आलेली सी हॅरियर विमाने दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरूनच मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातही विमान-प्रतिकृती तयार करणे शिकवले जाते. तेथून सुरू झालेली आवड पुढे १:३२च्या किटपर्यंत पोहोचते, तेव्हा त्या शिक्षणातली मोजपट्टीची सवय सर्वांत उपयोगी पडते. किटमधला भाग, खऱ्या विमानाचे माप आणि छायाचित्र यांत तफावत दिसली तर खऱ्या विमानाच्या मापाला प्राधान्य द्यावे. एकाच प्रकारच्या दोन विमानांत फरक असेल, तर निवडलेल्या विमानाच्या, त्याच तारखेच्या छायाचित्राला.