मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा आणि आपल्या बागांची कुलपं

ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो, त्याच्या वैद्यकीय इतिहासात 'पहिली केस' म्हणून नोंद असलेला मुलगा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला. गावाचं नाव फॉरेस्ट. मुलाचं नाव डोनाल्ड ट्रिप्लेट, जन्म १९३३.

त्या काळी असं मूल घरात असलं की डॉक्टरांचा सल्ला एकच असायचा: संस्थेत ठेवा आणि विसरा. डोनाल्डला चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत, १९३७ मध्ये, घरापासून लांब अशा संस्थेत ठेवलं गेलं. तिथे तो आणखीनच मिटला. वर्षभराने आईवडील त्याला घरी घेऊन आले आणि बाल्टिमोरला डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे गेले. कॅनर यांनी १९४३ मध्ये डोनाल्डसह ११ मुलांवर जो निबंध लिहिला, तिथून 'ऑटिझम' हे वेगळं निदान म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

त्या निबंधातली एक गोष्ट पुढे बरीच वर्षं मागे पडली. कॅनर यांनी लिहून ठेवलं होतं की या मुलांना मोठे आवाज आणि हलत्या वस्तू सहन होत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, तीनचाकी सायकल, अंडी फेटायचं यंत्र, कशानेही मूल घाबरून जाऊ शकतं. म्हणजे संवेदनांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून कागदावर होता! पण चर्चा भलतीकडेच गेली. आईवडील थंड स्वभावाचे म्हणून मूल असं झालं, या खुळचट सिद्धांतापायी पुढच्या दोन-तीन दशकांत असंख्य आयांना दोषी ठरवलं गेलं. संवेदनांमधला फरक अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमचा निकष म्हणून आला तो थेट २०१३ मध्ये. तब्बल ७० वर्षांनी.

दरम्यान जे तज्ज्ञांना जमलं नाही, ते एका शेतकरी जोडप्याने करून दाखवलं होतं.

डोनाल्ड साधारण नऊ वर्षांचा असताना त्याला गावाबाहेरच्या एका शेतावर राहायला पाठवलं. १९४५ मध्ये कॅनर त्याला भेटायला गेले आणि थक्क झाले. त्याला मोजमापाचं वेड होतं, तर त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजून सांगायला लावली. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्या दफनासाठी एक कोपरा दिला. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर सांगितलं, नांगर धरून मोज. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि घोडाही व्यवस्थित वळवला.

कोणी त्याला 'सुधारायला' गेलं नाही. त्याचं वेड काढून न घेता त्याला काम जोडून दिलं. आणि नकळत शरीरालाही हवं ते मिळालं: मोकळी जागा, हातापायांना जोर लावायचं काम, ठरलेला क्रम, गर्दी नाही. हा मुलगा पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. अर्थात हे सगळं श्रेय शेताचं नाही. घर सधन होतं, बँक आजोळच्या मंडळींची होती, आणि गावाने त्याला आपलं मानलं होतं.

टेंपल ग्रँडिन यांची गोष्टही शेताशीच जोडलेली. त्या स्वतः ऑटिस्टिक, पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. शाळकरी वयात त्या ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर राहायला गेल्या. लस टोचताना गाईंना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या खोड्यात काही गाई शांत होतात, हे त्यांनी पाहिलं. माणसाचा स्पर्श त्यांना असह्य व्हायचा, पण तसा एकसारखा दाब त्यांना हवाहवासा वाटला. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी यंत्र बनवलं.

म्हणून 'निसर्गात न्या, मूल बरं होईल' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑटिझम हा आजार नाही आणि झाड हे औषध नाही. कॅनर यांच्या त्याच यादीत वाहतं पाणी आणि वारासुद्धा आहे! कुणाला ओल्या गवताचा स्पर्श नकोसा होतो, कुणी त्यातच तासभर रमतो. पण निसर्गाचा एक मोठा गुण आहे: तिथून बाजूला होता येतं. मॉलमधले दिवे, स्पीकर, वास, धक्के एकदम अंगावर येतात. झाडाखाली मूल आपल्याला झेपेल तेवढंच घेऊ शकतं.

आता आपल्याकडे या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत समाविष्ट झालं. करमणुकीत बरोबरीने भाग घेता यावा यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी हा कायदा सरकारइतकीच स्थानिक संस्थांवरही टाकतो. म्हणजे आपल्या महापालिकेवर, नगरपालिकेवर.

आणि प्रत्यक्षात? अनेक सार्वजनिक बागांना भरदुपारी कुलूप. उघड्या असतात सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी. त्यात खांबाखांबावर स्पीकर. ज्या मुलाला शांतता हवी, त्याच्यासाठी बाग बंद. आणि उघडी असते तेव्हा तिथे शांतता नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद आहे. मग बागेचा एखादा कोपरा तरी शांत का असू नये?

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक प्रभागात किमान एक बाग दुपारी उघडी ठेवा. तिथले स्पीकर बंद करा. एक कोपरा झाडांचा आणि मातीचा राहू द्या, त्यावर पेव्हर ब्लॉक नकोत. आणि मूल कानावर हात ठेवून ओरडलं तर 'शिस्त नाही का?' असं त्याच्या आईला विचारू नका, हे सुरक्षारक्षकांना समजावून सांगा.

याला कोटींची निविदा लागत नाही. आपापल्या नगरसेवकाला, वॉर्ड ऑफिसला हे लेखी कळवा. तुमच्या भागातली कोणती बाग दुपारी बंद असते, ते खाली लिहा. यादी करू आणि एकत्रच अर्ज देऊ.